घुमटाला दोष, स्पीकरला माफी

मोठ्या संगीत महोत्सवांच्या आवाजाविषयी गोव्यात कुणी ब्र काढला की एक ठरलेला युक्तिवाद पुढे सरसावतो. म्हणे, आजचं संगीतच तरुणांना निसर्गाकडे वळवतं. तिथे प्लास्टिकबंदी असते, पडद्यावर पृथ्वी फिरते, नंतर चार रोपंही लागतात. ज्यांना हे खुपतं त्यांनी आधी आपल्या आरतीतलं घुमट पाहावं, ते तर घोरपडीच्या कातड्याचं! शिवाय खाणपट्ट्यातल्या मये गावच्या लोकांना टोमणा: खाणीचा खडखडाट सोसलात, मग गाण्याचंच वावडं का? एक जाच सोसला म्हणजे दुसऱ्याला परवाना दिला, असं होत नाही. मयेचाही भाग ज्यात येतो त्या डिचोली खाणपट्ट्याचा लिलाव २०२२ मध्ये झाला, म्हणजे पहिला जाचही सरलेला नाही.

घुमटाचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण त्या बाजूची सगळी मदार याच दाखल्यावर आहे. मातीच्या भांड्याच्या रुंद तोंडावर कातडं ताणायचं आणि दुसरं उघडं तोंड तळहातानं झाकत-उघडत नाद दाबायचा, सोडायचा. कातडं घोरपडीचं असे, हे खरंच. पण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आली आणि घुमट बकऱ्याच्या कातड्याकडे वळलं. नाद तसा उरला नाही, ही जाणत्यांची तक्रार खोटी नाही. तरी चतुर्थीची आरती थांबली नाही. २०१९ मध्ये याच घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. म्हणजे ज्याला आरोपी म्हणून उभं केलं, त्यानं आपल्या नादाला मुरड घालून दाखवली आहे. ध्वनिवर्धकानं काय सोडलं? कलेला नियम नकोत, हे जुनं तुणतुणं तेवढं वाजतं.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती 'ए' भारानं मोजायची, आणि त्या मोजणीत खर्जाचे स्वर कमी धरले जातात. इलेक्ट्रॉनिक संगीताचा जीवच खर्जात. तो लांब जातो, भिंतींना जुमानत नाही. २०२४ च्या डिसेंबरात पेडणे तालुक्यातल्या धारगळला असा महोत्सव भरला तेव्हा विरोध करणाऱ्यांना संगीतद्वेष्टे ठरवणं सोपं होतं. चार रोपांनी खर्ज अडत नाही.

संगीत हवंच, पेडण्यातही हवं. खर्जाचे स्पीकर वस्तीकडे पाठ करून लावावेत, आवाजाची मोजणी रंगमंचापाशी न करता सर्वांत जवळच्या घराच्या ओटीवर करावी, तीही खर्जाला फारसं न वगळणाऱ्या 'सी' भारानं, आणि आकडे रात्रीच पंचायतीला द्यावेत. चतुर्थीच्या मिरवणुकीतल्या डीजेचं काय, असं कुणी विचारील. त्यालाही हेच माप लावावं.