परदेशची सहल आणि घरचा घाट

परदेशच्या सहलींविषयीं आपल्या भागांत आजकाल जें बोलणें ऐकूं येतें, त्यांत दोन मतें प्रामुख्यानें आढळतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, मार्गदर्शकाच्या निशाणामागून धांवत पंधरा दिवसांत पांच-सहा देश पाहून येणें हा प्रवासच नव्हे; तो केवळ द्रव्याचा अपव्यय होय. दुसऱ्या पक्षास वाटतें कीं, पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचें बर्फ प्रत्यक्ष पाहिल्यावांचून जन्माचें सार्थक नाहीं. जुन्नर, नारायणगांव, ओतूर, मंचर, घोडेगांव येथील कित्येक घरांत हा प्रश्न आतां केवळ गप्पांचा राहिलेला नाहीं. घरांतील शिल्लक कशांत घालावी, असा तो व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें या विषयाचा थोडा विचार मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम पहिल्या पक्षाच्या उपहासाकडे वळूं. मार्गदर्शित सहलीची पद्धति जन्मास आली ती चैनीसाठीं नव्हे. इंग्लंडांतील टॉमस कुक या बॅप्टिस्ट धर्मप्रचारकानें ५ जुलै १८४१ रोजीं सुमारें पांचशें माणसें लेस्टरहून लफबरो येथें मद्यपाननिषेधाच्या सभेस आगगाडीनें नेलीं. जाण्यायेण्याचें भाडें दरडोई एक शिलिंग होतें. सामान्य स्थितींतील मनुष्यास स्वस्तांत व निर्धास्तपणें प्रवास घडावा, हा विचार तेथून वाढत गेला, आणि १८६३ सालीं कुक यानें आपली पहिली मंडळी स्वित्झर्लंडला नेली. आपल्या महाराष्ट्रांत केसरी पाटील यांनीं १९८४ सालीं सहलींची संस्था काढली. अशा संस्थांमुळें परदेशप्रवास मराठी मध्यम वर्गाच्या आटोक्यांत आला. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला आणि १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या, व तेथील लोकस्थितीचें वर्णन करणारा मराठी ग्रंथ त्यांनीं १८८९ सालीं प्रसिद्ध केला. परंतु तसें धैर्य आणि तशी विद्वत्ता सर्वांस कोठून असणार? ज्या आजी-आजोबांस इंग्रजीचा सराव नाहीं, ज्या भगिनींस एकट्यानें निघण्याचा धीर होत नाहीं, त्यांस मार्गदर्शकाचा आधार लाभला तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? मराठी बोलणारा सोबती आणि वेळेवर मिळणारें वरणभाताचें जेवण यांच्या बळावर ज्यांनीं जन्मांत प्रथमच समुद्र ओलांडला, त्यांची थट्टा करणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

तथापि दुसऱ्या पक्षाचेंही सर्वस्वीं समर्थन आम्हांस करवत नाहीं. या सहलींचीं कार्यक्रमपत्रकें वाचून पाहावीं. त्यांत दिवसांची वांटणी बहुधा ठरलेली असते: कांहीं दिवस शहरांसाठीं, कांहीं निसर्गासाठीं. शहरांत प्रार्थनामंदिर, राजवाडा, चित्रसंग्रह. डोंगरांत बर्फ, सरोवर आणि रोपवे. शहर ज्ञानासाठीं, आणि डोंगर विश्रांतीसाठीं व छायाचित्रासाठीं, अशी ही समजूत आहे. घाई, खरेदीचा सोस, थकवा हे दोष सर्वच दाखवितात. परंतु आमच्या मतें मूळ दोष या वांटणींत आहे. शहर आणि डोंगर एकमेकांपासून तोडून पाहिले म्हणजे दोहोंपैकीं एकही नीट दिसत नाहीं.

उदाहरणार्थ, ल्यूसर्न हें शहर घ्यावें. स्वित्झर्लंडला जाणारी आपली मंडळी पुष्कळदां तेथें उतरते, सरोवराच्या कांठीं फिरते आणि दुसऱ्या दिवशीं टिटलिस पर्वतावर जाऊन बर्फांत खेळून येते. परंतु हें शहर नेमकें तेथेंच कां वाढलें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर डोंगरांत आहे. तेराव्या शतकांत आल्प्स पर्वतांतील सेंट गॉटहार्डची खिंड वाहतुकीस खुली झाली आणि उत्तरेकडील जर्मन व दक्षिणेकडील इटालियन मुलुखांचा व्यापार त्या वाटेनें चालूं लागला. त्या वाटेवरील माल सरोवरांतून नावांनीं ये-जा करी, आणि ल्यूसर्न हें त्याच्या चढउताराचें ठिकाण झालें. त्या व्यापारावर शहर नांवारूपास आलें. १८८२ सालीं त्याच डोंगराच्या पोटांतून सुमारें १५ किलोमीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा सुरू झाला. तो खणतांना दोनशेंच्या आसपास मजूर प्राणांस मुकले, व त्यांतील बहुतेक इटालियन होते. पुढें २०१६ सालीं ५७ किलोमीटर लांबीचा नवा बोगदाही सुरू झाला. हें ज्यास ठाऊक आहे, त्यास तीं शुभ्र शिखरें निराळीं दिसतात. ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें पैसे तेवढेच भरलेले असतात.

जुन्नरच्या मुलास हें समजणें कठीण जाऊं नये; कारण त्याचें स्वतःचें गांव याच न्यायानें वाढलेलें आहे. नाणेघाट ही आपली गॉटहार्डची खिंड होय. सोपारा व कल्याण येथील बंदरांत उतरलेला माल या घाटानें वर चढे, जुन्नरास येई व पुढें पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्याजवळील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांचे आंकडे त्यांत कोरलेले असून भारतांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत त्यांची गणना होते. वाटेच्या कडेस दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरा सांगते. जुन्नरच्या भोंवतालीं लेण्याद्रि, तुळजा, मानमोडी, शिवनेरी अशा डोंगरांतून जीं शेंकडों खोदकामें आहेत, त्यांतील दानलेख वाचले तर धान्याचे व्यापारी, बांबूचें काम करणारे, कांसार यांच्या श्रेणींचीं नांवें आढळतात. इतकेंच नव्हे, तर स्वतःस यवन म्हणविणाऱ्या तिघांचीं दानेंही तेथें नोंदलेलीं आहेत. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढी दिल्या, तर चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. घाटामुळें व्यापार आला, व्यापारामुळें नगर वसलें, आणि नगराच्या धनानें डोंगरांत लेणीं कोरलीं गेलीं. येथें संस्कृति कोठें संपते आणि निसर्ग कोठें सुरू होतो, हें कोणीं सांगावें?

निसर्गाच्या देखाव्यामागें कधीं कधीं मनुष्याचें दुःखही असतें. इटलीच्या उत्तर टोकास, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, रेशेन नांवाचें सरोवर आहे. त्याच्या पाण्यांतून चौदाव्या शतकांतील एका चर्चचा घंटेचा मनोरा वर आलेला दिसतो, आणि प्रवासी थांबून त्याचीं छायाचित्रें घेतात. वास्तविक विजेसाठीं बांधलेल्या धरणामुळें १९५० सालीं ग्राउन हें गांव पाण्याखालीं गेलें, त्याची ती खूण आहे. आपल्या आंबेगांव तालुक्याची हकीकत याहून फारशी निराळी नाहीं. घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय पावसाळा संपतांना हिरव्या डोंगरांच्या कुशींत मोठा नयनमनोहर दिसतो. परंतु ज्या गांवाचें नांव हा तालुका मिरवितो, तें जुनें आंबेगांव त्याच पाण्याखालीं आहे, आणि तालुक्याचें ठाणें घोडेगांवीं आहे. या धरणाच्या कालव्यांनीं खालच्या भागांतील शेतें पिकतात, हें खरें. आणि वरच्या खोऱ्यांतील आदिवासी कुटुंबांच्या जमिनी त्यासाठीं गेल्या, हेंही तितकेंच खरें. पुढें त्या विस्थापितांपैकीं कांहींनीं सहकारी संस्था स्थापून त्याच जलाशयांत मासेमारीचा उद्योग उभा केला. जो मार्गदर्शक हें सर्व न सांगतां ‘काय सुंदर देखावा!’ एवढेंच म्हणेल, त्याचें मार्गदर्शन अपुरें होय, मग तो देखावा डिंभ्याचा असो कीं रेशेनचा.

यावर कोणी म्हणेल, सर्व कांहीं घरींच शिकतां येत असेल तर परदेशीं जावेंच कशास? हें समाधान ज्यांस जाणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं रचलेलें तर नाहीं? आमचा तसा हेतु नाहीं. परदेशीं जाऊनच उमगतील अशाही गोष्टी आहेत. ल्यूसर्न येथें चौदाव्या शतकांतील लांकडी झांकलेला पूल आहे. ऑगस्ट १९९३ मध्यें त्याचा बराच भाग आगींत जळाला व त्यांतील बहुसंख्य जुनीं चित्रें नष्ट झालीं. नगरवासीयांनीं तो पुन्हां उभा केला आणि १९९४ सालीं तो रहदारीस खुला झाला. जुन्या वस्तूविषयींची ही आस्था पुस्तकांत वाचणें निराळें आणि त्या पुलावरून चालणें निराळें. तेथून परत आलेला मनुष्य जेव्हां आपल्या लेण्यांच्या भिंतींवर खरडलेलीं नांवें पाहील, तेव्हां त्यास जी लाज वाटेल, ती त्याच्या सहलीची खरी कमाई होय. २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. जगानें आपल्याकडे पाहावयास यावें अशी आपली इच्छा असेल, तर जग आपल्या ठेव्याची निगा कशी राखतें, हें आपण पाहून येणें अवश्य आहे.

आणि पाहणें म्हणजे काय, याचा धडा आपल्याच गांवीं एका परक्या मनुष्यानें घालून दिला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी चौल बंदरांत उतरला, विक्रीचा एक घोडा बरोबर घेऊन घाट चढला आणि पावसाळ्यांत जुन्नरास राहिला. त्याच्यापुढें कोणी निशाण धरून चालणारा नव्हता. त्याच्या प्रवासवृत्तांत शहराबरोबर येथील पाऊसही आहे: चार महिने सर्वत्र पाणी व चिखल, आणि त्याच दिवसांत चाललेली नांगरणी व पेरणी. लोक काय खातात, काय नेसतात, परदेशी व्यापारी कोठें उतरतात, हेंही त्यानें लिहून ठेविलें. राजदरबाराइतकेंच शेताकडेही त्याचें लक्ष होतें, म्हणूनच साडेपांचशें वर्षांनंतर त्याचें वृत्त वाचनीय वाटतें.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी. सहल ठरवितांना किती देश दाखविणार, हें विचारूं नये; एका ठिकाणीं किती रात्री मुक्काम आहे, तें विचारावें. मंडळीस आपल्या मर्जीनें फिरावयास निदान अर्धा दिवस मोकळा आहे कीं नाहीं, आणि मार्गदर्शक त्या शहराचा त्या डोंगराशीं संबंध सांगूं शकेल कीं नाहीं, याची चौकशी करावी. पत्रकांतील दोन शहरें कमी झालीं तर नुकसान समजूं नये. निघण्यापूर्वीं महिनाभर घरांत नकाशा उघडून बसावें. आणि ज्यांस त्यासाठीं कर्ज काढावें लागेल किंवा मुलांच्या शिक्षणाची तरतूद मोडावी लागेल, त्यांनीं शेजाऱ्याच्या ईर्षेनें मुळींच निघूं नये. युरोपचे डोंगर कोठें जात नाहींत. मुलाचीं शिकण्याचीं वर्षें मात्र परत येत नाहींत.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आणखी सोपें आहे. पुढील वर्षीं वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं प्रत्येकीं एक स्थळ निवडावें: नाणेघाट, लेण्याद्रि, तुळजा लेणीं, शिवनेरी, किंवा डिंभ्याचा कांठ. त्याची माहिती ग्रंथांतून काढावी, गांवांतील वृद्धांस विचारावें, आणि एखाद्या रविवारीं आपल्या आईवडिलांस तेथें नेऊन स्वतः मार्गदर्शक व्हावें. डोंगराकडील वाड्यांतून आपल्या शाळेंत येणाऱ्या मुलांस या कामीं इतरांपेक्षां अधिक ठाऊक असतें. त्यांनीं संकोच न धरतां पुढें यावें आणि इतरांनीं त्यांच्यामागून चालावें. या सहलीस एस.टी.चें भाडें आणि घरची भाकरी यांखेरीज खर्च नाहीं.

नाणेघाटांतील रांजण कशासाठीं होता, हें ज्या मुलानें आपल्या आईस समजावून सांगितलें आहे, तो उद्यां ल्यूसर्नच्या पुलावर उभा राहिला तर मार्गदर्शकास विचारण्याजोगा एक तरी प्रश्न त्याच्यापाशीं असेल. आणि त्याचें तेथें जाणें कधींच झालें नाहीं, तरी जगाचा व्यापार ज्या वाटेनें एके काळीं चालत आला ती वाट त्याच्या पायाखालची आहे, हें त्यास ठाऊक असेल.