'पानी' लिहिणारीला हसून झालं असेल, तर नळाचं बोलू या

मागच्या आठवड्यात शहरातल्या एका ताईंनी एका स्थानिक ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. "आमच्या गल्लीत अकरा दिवस झाले पानी नाही. आनि टँकर पन येत नाही." सोबत कोरड्या टाकीचा फोटो. खाली पहिलीच प्रतिक्रिया : "आधी पाणी लिहायला शिका." मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एका बहाद्दराने 'आनि'भोवती लाल गोल काढून स्क्रीनशॉट फिरवला. दोन तासांत ताईंनी पोस्ट काढून टाकली. अकरा दिवस हा आकडाही तिच्यासोबत गेला. पालिकेला उत्तर द्यावंच लागलं नाही, कारण उत्तर मागणारीचं तोंड आपणच बंद केलं होतं. तेही फुकटात.

राजेहो, या 'न' आणि 'ण'चा एकदा सोक्षमोक्ष लावूच.

आपल्या वऱ्हाडात आणि शेजारच्या खानदेशात असंख्य माणसं 'पानी' म्हणतात. डोळ्याचा 'डोया' होतो, तसंच हे. जीभ जड नसते, बोलीच तशी असते. आणि गंमत बघा. संस्कृतातला मूळ शब्द 'पानीय', त्यात न आहे. त्याचा ण केला प्राकृताने, आणि तो मराठीत आला. हिंदीत न राहिला. म्हणजे ज्या 'ण'वरून तुम्ही शुद्धतेचा टेंभा मिरवता, तो देवभाषेतून आलेला नाही, सामान्यांच्या बोलण्यातून आलेला आहे. एखादा हिंदी भाषक साहेब 'पानी' म्हणाला की आपण हसत नाही, उलट मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर देतो. हसू येतं ते गल्लीतल्या बाईचंच. मग चूक अक्षराची मोजतो की माणसाची?

नियमांचंही ऐका. आज आपण पाळतो त्या लेखननियमांचा पाया मराठी साहित्य महामंडळाचा, १९६२ चा. १९७२ मध्ये त्यात चार नियमांची भर पडली. १९६२ च्या आधी 'नांव', 'पांच', 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहिणं बरोबर होतं, 'कवि' ऱ्हस्व लिहिणंही बरोबर होतं. नियम बदलला आणि आजोबांची जुनी पत्रं एका रात्रीत 'अशुद्ध' झाली. आजही 'स्मृती' दीर्घ आणि 'स्मृतिदिन' ऱ्हस्व, कारण संस्कृत शब्द समासात आला की मूळ रूप धरायचं. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्याला हे पाठ होतं. ज्याच्या घरात पहिला शिकलेला माणूस तोच आहे, त्याने हा समास कुठून ओळखायचा? म्हणूनच काही जाणकार 'शुद्धलेखन' न म्हणता 'प्रमाणलेखन' म्हणतात. प्रमाण ठरवता येतं, बदलता येतं. शुद्ध म्हटलं की लगेच कोणीतरी विटाळलेलं ठरतं.

हा खेळ नवा नाही. 'गुलामगिरी' १८७३ ची. जोतीराव फुल्यांवर तुटून पडताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाचीही टर उडवली होती. मुद्द्याला उत्तर द्यायचं नसेल तेव्हा वेलांटी मोजायची, ही खोड तितकी जुनी आहे. आणि शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई तर निरक्षर होत्या. मुलाने आणि आप्तांनी गाणी उतरवून घेतली नसती, अत्र्यांनी ती उचलून धरली नसती, तर १९५२ मध्ये पुस्तक निघालं नसतं. आज त्याच बोलीवर आपण व्यासपीठावरून अभिमानाची भाषणं ठोकतो आणि खाली उतरल्यावर 'पानी'ला हसतो.

आता लगेच कोणी म्हणेल, पत्रकार असून नियम नकोत म्हणतो. नाही बुवा. पेपरात, पाठ्यपुस्तकात, सरकारी आदेशात प्रमाणलेखन हवंच. शाळेच्या फळ्यावर 'आर्शिवाद' दिसला तर मीही गुरुजींना सांगतो, अर्थात वर्गाबाहेर बोलावून. ज्याला लिहिण्याचा पगार मिळतो त्याच्याकडून हिशोब चोख घ्या. माझ्याकडूनही घ्या. तक्रार करणाऱ्याकडून नको.

आणि शब्दांची गल्लत पकडायचीच हौस असेल, तर पकडण्यासारखं खूप आहे. पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्या पोराला आम्ही पत्रकार 'अटक' लिहून मोकळे होतो. आरोपीला सरळ 'गुन्हेगार' करतो. खटला उभा राहायच्या आधीच घरच्यांचं दुकान बंद पडतं. पुढे निर्दोष सुटला तर ती बातमी आतल्या पानावर, दोन इंचांत. या चुकीचा स्क्रीनशॉट कोणी फिरवत नाही, कारण वेलांटी बरोबर असते.

किंवा चौकातला फ्लेक्स घ्या. 'हार्दीक' वाचून सगळं गाव हसतं. त्याच फ्लेक्सवर 'रस्त्यासाठी ४ कोटींचा निधी आणला' असं लिहिलेलं असतं, ते मात्र सगळे गिळतात. 'आणला' म्हणजे नेमकं काय? बहुतेक वेळा प्रशासकीय मान्यता मिळालेली असते. त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. तोवर पैसा कागदावर. 'मंजूर' आणि 'आला' या दोन शब्दांत कधी कधी अख्खी निवडणूक निघून जाते.

'नळजोडणी' आणि 'पाणी' यांचंही तसंच. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर, हे त्यातलं माप. आपल्या तालुक्यात तोटी बसलेली आणि आत वाऱ्याचा आवाज, अशी घरं मी स्वतः बघितली आहेत. अहवालात मात्र तोटी मोजली जाते.

२०२३ मध्ये ४० तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला, आणि पुढे हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती'. या 'सदृश'चं व्याकरण अगदी निर्दोष आहे. शेतात उभ्या माणसाला मात्र विचारा, जळालेलं सोयाबीन आणि जळाल्यासदृश सोयाबीन यात फरक काय.

येत्या १ मेला कुठेतरी 'महाराष्ट्र दीना'चे फलक लागतीलच. दीन म्हणजे गरीब, तेव्हा जमलं तर हसून घ्या. पण त्याच फलकावर कोटींचा आकडा असेल तर त्याचाही फोटो काढा, आणि ग्रामसभेत उभं राहून कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख विचारा. शेजारची बाई 'पानी कवा येईन' म्हणून उठली, तर तिला बोलू द्या. उत्तर काय मिळतं ते इथे लिहा. 'न' असो की 'ण', मी छापतो.