गोठवण्यापेक्षा निजवणे बरे

सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या व्हॉयेजर-१ला एवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. मग प्रवाशांना गोठवून पाठवावे आणि मुक्कामी पोचल्यावर जागे करावे, ही कल्पना पुढे येते. मोह पडावा अशीच ती आहे, पण विज्ञानाने आपली ताकद तिच्यामागे खर्च करू नये.

जेम्स बेडफर्ड या अमेरिकी प्राध्यापकाचा देह १९६७ साली मृत्यूनंतर गोठवला गेला. आज तो ॲरिझोनातील अल्कोर संस्थेत उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. असा गोठवलेला एकही माणूस आजवर उठलेला नाही.

अलास्कातला रानबेडूक मात्र दर हिवाळ्यात गोठतो. त्याचे हृदय थांबते, अंगातल्या पाण्याचा मोठा भाग बर्फ होतो. यकृत रक्तात भरपूर साखर सोडते, म्हणून पेशी फुटत नाहीत. वसंतात तो पुन्हा उड्या मारू लागतो. पण ही किमया काही महिन्यांपुरती आणि उणे १९६ अंशांच्या मानाने शून्याच्या थोड्याच खालची.

अवकाशात आणखी एक अडचण आहे. विश्वकिरणांनी डीएनएची केलेली मोडतोड जिवंत शरीर सतत दुरुस्त करत असते. गोठलेल्या देहात ही दुरुस्ती बंद पडते आणि इजा हजारो वर्षे साचत जाते.

अस्वलाचा मार्ग अधिक आशेचा आहे. ते महिनोन्‌महिने निजते, तरी त्याची हाडे फारशी झिजत नाहीत. अंतराळवीरांची काही हाडे मात्र महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. मंगळाच्या सहा-नऊ महिन्यांच्या प्रवासात माणसाला अशी शीतनिद्रा देता येईल का, याच्या प्राथमिक अभ्यासाला नासाने २०१३ साली निधी दिला. असे संशोधन वाढायला हवे.

गोठवण्याचे तंत्रही वाया जायला नको, त्याची खरी गरज रुग्णालयात आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली उंदरांची मूत्रपिंडे शंभर दिवसांपर्यंत अतिशीत ठेवली, मग ऊब देऊन यशस्वीपणे प्रत्यारोपित केली. आपल्याकडे दान मिळालेले हृदय चार-सहा तासांत पोचवण्यासाठी पुणे-मुंबई रस्ता मोकळा करावा लागतो. अवयव अनेक दिवस टिकू लागले, तर ही धावपळ संपेल. पैसा आधी इथे लागावा. ताऱ्यांच्या प्रवासाला वेगवान यान लागेल, आणि ते अजून बनलेलेच नाही.