अटकेचं रजिस्टर कुणाच्या बापाचं?

पोरगा उचलला की वस्तीत पहिला प्रश्न ‘त्यानं काय केलं’ असा येत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘कुठं नेला?’ आई पदर खोचून निघते. एका ठाण्यात सांगतात, इथं आणलाच नाही. दुसऱ्यात सांगतात, साहेब राउंडला गेलेत, संध्याकाळी या. तिसऱ्या ठिकाणी दारावरचा शिपाईच परत धाडतो. चौथ्या ठिकाणी कुणीतरी उपकार केल्यासारखा हळूच बोलतो, आहे आत, पण अटक नाही बाई, नुसता बसवून ठेवलाय.

बसवून ठेवलाय! मराठी भाषेत खाकीनं घातलेली ही भर. कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात हा शब्द सापडायचा नाही. तिथं माणूस मोकळा असतो नाहीतर ताब्यात असतो. मोबाइल काढून घेतलेला, लघवीला जायचं तरी हात वर करून विचारावं लागणारा माणूस मोकळाच आहे असं ज्या विद्वानाला वाटतं त्यानं एक रात्र त्या बाकड्यावर काढून बघावी.

आणि हे बसवून ठेवणं कशासाठी? घड्याळासाठी. संविधानाचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभा करा. घटना समितीनं आधीच्या कलमातला दात काढून टाकला होता, तेव्हा बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ ला १५-अ म्हणून हे कलम मांडलं. तेच आजचं २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत कोर्टात आणा. आमच्यासारख्या बिनपैशाच्या माणसाजवळ एवढंच तर हत्यार आहे. पण चोवीस तास मोजायचे कुठून? हात धरला तिथून, की फौजदारानं पेन उचलला तिथून? सोमवारी रात्री उचलला, बुधवारी सकाळी रजिस्टरात अटक दाखवली, गुरुवारी सकाळी कोर्टात. कागदावर हिशेब चोख. मधला दीड दिवस कुणाच्या खात्यात? तो हाडांच्या खात्यात.

म्हणून दोस्तांनो, अटकेच्या नोंदी शोधायच्या कशा हे शिकून घ्या. आपण कविता लिहितो, मोर्चे काढतो, पुतळ्याखाली भाषणं ठोकतो. पण स्वतःच्या हद्दीतल्या ठाण्यानं गेल्या आठवड्यात किती जणांना आत घेतलं, हे आपल्यातल्या दहांतल्या एकाला तरी माहीत आहे काय?

ही नोंद लोकांनी बघायची आहे, हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत करणाऱ्या एका संस्थेच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ ला. त्यात अकरा गोष्टी सांगितल्या. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा मेमो जागेवर लिहायचा, त्यावर वेळ आणि तारीख, साक्षीदार घरचा किंवा वस्तीतला. नातेवाइकाला कळवायचं आणि कुणाला कळवलं ते डायरीत लिहायचं. आणि शेवटची गोष्ट अशी की बारा तासांच्या आत कंट्रोल रूमला कळवून तिथल्या फळ्यावर लावायचं. २०१० पासून हे फळ्याचं कलम ४१-सी म्हणून खुद्द फौजदारी प्रक्रिया संहितेतच आलं. १ जुलै २०२४ ला ती संहिता गेली, नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ३७ तर सांगतं की प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी, सहायक फौजदारापेक्षा खालचा नाही, याच कामाला नेमायचा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप त्यानं ठेवायचं आणि ते ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळक लावायचं, डिजिटलसुद्धा.

आता कामावरून येता-जाता हद्दीतल्या फळ्यांवर नजर टाका. मी चार ठिकाणी वाचलं. हरवलेल्यांचे फोटो होते. ओटीपी कुणाला सांगू नका, असा उपदेश होता. एका साहेबाच्या सत्काराचं कात्रणही होतं. अटकेची यादी एकाच ठिकाणी, तीही अकरा दिवसांची शिळी.

फळा राहू द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या पोर्टलवर अटक केलेले आरोपी शोधायची सोय आहे. जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकायची. एफआयआरही तिथंच बघायला मिळतो. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तो २४ तासांत टाकावाच लागतो; लैंगिक अत्याचार, दहशतवाद असली नाजूक प्रकरणं तेवढी वगळून. एफआयआरचा नंबर हाती आला की ई-कोर्ट्सवर तो नंबर आणि ठाणं टाकून खटल्याची तारीख निघते. एवढं मोबाइलवर होतं. पण एक ध्यानात ठेवा, ‘बसवून ठेवलेला’ माणूस यांतल्या कुठल्याच यादीत सापडत नाही. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी ‘शांततेसाठी’ उचललेला पोरगाही एफआयआरमध्ये सापडत नाही, कारण तिथं गुन्हाच दाखल नसतो. मग नुसतं पोर्टल चाळून काय मिळतं? मिळतं, पण आपल्याजवळ आपली वेळ लिहिलेली असेल तरच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक जण असाच उचलला. गोदीतल्या मालाच्या चोरीचा संशय. रात्री पावणेदहाला गेटबाहेरून. आम्ही दीड दिवस हिंडत होतो. तिसऱ्या दिवशी यादीत नाव आलं, अटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची. गेटच्या वहीत मात्र तो बाहेर पडल्याची वेळ होती, आणि चहावाल्यासकट तिघांनी जीप बघितलेली. वकिलानं ते कोर्टापुढं ठेवलं. न्यायाधीशानं विचारलं, मधला वेळ हा माणूस कुठं होता? उत्तर आलं, चौकशीसाठी स्वतःहून आला होता. स्वतःहून! पाठीवर वळ घेऊन! पोलीस कोठडी नाकारली गेली, पुढं जामीन झाला. गेटच्या वहीतली एक ओळ नसती तर रजिस्टरातली वेळ हीच वेळ ठरली असती.

गोदीत काम करणाऱ्याला ही गोष्ट लगेच कळते. बोटीतून गोण उतरली की टॅली क्लार्क आकडा मारतो. फाटकी असली तर फाटकी म्हणून तिथल्या तिथं लिहितो. कारण पुढं नुकसान कुणाच्या डोक्यावर जायचं ते त्या एका शब्दावर ठरतं. बोटवाला म्हणेल गोदीत फाटली, गोदीवाला म्हणेल बोटीतूनच फाटकी आली. डाळीच्या गोणीची एवढी काळजी. माणसाच्या अंगाची? बसू निकालात तेही आहे. अटकेच्या वेळी माणसानं मागितलं तर त्याचं अंग तपासून लहान-मोठ्या जखमा लिहायच्या, त्यावर त्याची आणि पोलिसाची सही, एक प्रत त्याला. पुढं दर ४८ तासांनी डॉक्टर. ही आपली टॅली आहे. पण मागितलं तर! आणि मागायचं असतं हे रात्री दोन वाजता कोठडीत कोण सांगणार?

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. आधी म्हणाले छातीत दुखलं. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असं कारण आलं. आईनं कोर्टाची पायरी चढली तेव्हा कुठं जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. पोरगा मेल्यावर सात महिने एका आईनं भांडायचं कशासाठी, तर एफआयआर नावाच्या एका नोंदीसाठी! आमच्या पोरांच्या नावानं मात्र ती नोंद एका रात्रीत होते.

उघडी यादी म्हणजे सगळं भलंच, असंही समजू नका. अमेरिकेत कितीतरी काउंट्यांच्या जेलांची यादी रोज उघडी असते. नाव, फोटो, आरोप, जामिनाची रक्कम. घरच्यांना माणूस पटकन सापडतो, हे खरं. पण खाजगी धंदेवाल्यांनी ते फोटो उचलून आपल्या साइटवर टाकले आणि काढायचे तर पैसे मागायला लागले. काही राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. खटला सुटला तरी फोटो सुटत नाही. नोकरी मागायला गेला की मालक आधी तोच बघतो. आपल्याकडं हे व्हायला वेळ लागणार नाही. वस्तीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अटकेचा फोटो कसा फिरतो ते बघताच आहात.

आणि आपल्याला तर या धंद्याचा जुना अनुभव आहे. १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवून रजिस्टरात चढवल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या. १९५२ ला कायदा गेला, पण सवय गेली काय? ७ मे २०२४ ला दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की हिस्ट्रीशीट ही पोलिसांची आतली कागदपत्रं आहेत, ती चव्हाट्यावर आणू नका आणि केवळ मागास समाजातला म्हणून कुणाचं नाव त्यात डोळे झाकून चढवू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगातल्या कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा असा हुकूम झाला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर! तोवर झाडू कुणाच्या हातात द्यायचा ते रकाना बघून ठरत होतं.

काहीजण विचारतील, जात पुसली तर आम्ही किती आत आहोत ते कळणार कसं? रास्त आहे. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबित न झालेली. त्यांत साधारण एक पंचमांश अनुसूचित जातींची. बेरीज ठेवा, छापा, दरवर्षी तोंडावर फेका. पण एका माणसाच्या नावापुढं ती लिहू नका. माझं म्हणणं सरळ आहे. रजिस्टरातली पोलिसाची बाजू उघडी पाहिजे. कुणी धरला, किती वाजता, कुठं ठेवला, अंगावर काय होतं, कुणाला कळवलं. सुटलेल्या माणसाचं नाव मात्र जन्मभर फळ्यावर लटकायला नको. अठराच्या आतल्या पोराचं तर मुळीच नको, कायद्यानंच ते बंद आहे. आज सगळं उलटं चाललंय. आईला विचारलं तर ‘गोपनीय’, आणि वार्ताहराला फोटोसकट.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक वही करा. शंभर पानी, साधी. पोरगा उचलला की त्याच मिनिटाला वेळ, जागा, गाडीचा नंबर, छातीवरच्या पट्टीवरचं नाव, बघणाऱ्या दोघांच्या सह्या. पट्टी नसेल तर ‘पट्टी नव्हती’ असं लिहा. रात्रीच पोर्टल बघा, सकाळी पुन्हा बघा, दिसलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा. माहितीच्या अधिकारात कलम ७(१) आहे. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर तीस दिवस नाही, ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या वर ते ठळक लिहा.

आणि कुणी उचलला जायची वाट बघत बसू नका. येत्या रविवारी चौघंजण मिळून आपल्या ठाण्यात जा आणि कलम ३७ खाली नेमलेला अधिकारी कोण, एवढंच विचारा. आवाज चढवू नका. नाव सांगितलं नाही तर तिथंच, त्याच बाकड्यावर बसून अर्ज लिहायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आधीच खिशात असू द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.