सायकलचा रस्ता बांधायचा नाही, वाचवायचा आहे

पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय आपल्या दारातल्या रस्त्याचा आहे.

हल्ली आपल्या जिल्ह्यात कुणी ‘सायकल पर्यटन’ म्हटलं की पाठोपाठ किनाऱ्यावरचा काँक्रीटचा ट्रॅक, रंगीत पट्टे, स्वागत कमान आणि सेल्फी पॉइंट आलाच. माझं म्हणणं वेगळं आहे. गाड्यांची वर्दळ नाही, दिवसभर आरामात सायकल चालवावी, असे रस्ते पालघर तालुक्यात आजही आहेत. ते कुणी सायकलसाठी बांधले नाहीत. वाडीत, शाळेत, बंदरावर जायला ते झाले. मात्र येत्या काही वर्षांत ते हातचे जातील अशी चिन्हं आहेत. आणि ते वाचवायला निधी कमी, ठराव जास्त लागणार आहेत.

आधी रस्ते कुठले ते सांगतो.

केळवे रोड स्टेशनला उतरून पश्चिमेला निघा. केळवे, माहीम, वडराई, शिरगाव, सातपाटी असं गावागावातून जाता येतं. पानवेलींच्या वाड्या, नारळी-सुपारी, ताडाची झाडं, मध्येच समुद्र, मध्येच किल्ला. दक्षिणेला उसरणी, एडवण, दातिवऱ्याची बाजू. चढ म्हणावा असा चढ नाही. उत्तरेला मुरबे, नांदगाव, आलेवाडी, नवापूर; आणि अणुऊर्जा केंद्राच्या पलीकडे तारापूर, चिंचणी, वरोर, वाढवण. १७३९ च्या सुरुवातीला मराठी फौजांनी माहीम आणि तारापूरचे किल्ले पोर्तुगीजांकडून घेतले, तो हाच पट्टा. शाळेच्या सहलीला आपण बसने रायगड दाखवतो, आणि सायकलवर जाण्याइतका जवळचा इतिहास मुलांना माहीत नसतो.

दुसरा पट्टा पूर्वेला, सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांचा. धामणी धरणाचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांतून शेतीला जातं. कालव्याच्या काठाने देखभालीचा रस्ता असतो. कुठे बरा, कुठे नुसता खड्डे आणि गवत. पण कालवा उताराने चालतो, त्यामुळे त्याच्या काठचा रस्ताही जवळपास सपाट असतो. जगभर सायकलवाले असे रस्ते शोधत फिरतात.

आणि एक मोठा बदल गेल्या दोन-तीन वर्षांत झालाय, त्याकडे फार कुणाचं लक्ष नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याजवळच्या जलसारला जाणारी रो-रो सुरू झाली. म्हणजे भाईंदरपासून पुढे सायकलवाल्याला महामार्गाला चाकही न लावता, दोन खाड्या बोटीने ओलांडून, थेट आपल्या तालुक्यात उतरता येतं. याआधी अहमदाबाद हायवेवर ट्रेलरच्या शेजारून जीव मुठीत धरून यावं लागायचं.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या हौशी लोकांच्या रविवारच्या रपेटीसाठी आम्ही का डोकं लावायचं? बरोबर आहे. म्हणून आधी आपल्या सायकलवाल्यांबद्दल बोलू.

बोईसरला शिफ्ट सुटायच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्यावर उभे राहून बघा. हँडलला डबा अडकवलेले किती कामगार जातात ते मोजा. त्यांच्या सायकलला गिअर नाही, डोक्यावर हेल्मेट नाही आणि अंगात चमकणारं जॅकेट नाही. त्यांना कुणी ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही, ‘सायकलवाला’ म्हणतात आणि हॉर्न मारतात. शाळेत जाणाऱ्या मुलींचंही तेच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देतं. चांगली योजना आहे. पण सायकल दिली आणि रस्त्यावर डंपर सोडले, तर आई-बाप मुलीला सायकल देतील का? ती सायकल पडवीतच गंजणार.

म्हणजे पर्यटकाला हवा असलेला रस्ता आणि या मुलीला हवा असलेला रस्ता एकच आहे. फरक इतकाच की पर्यटकाला तो नाही मिळाला तर तो दुसरीकडे जाईल. तिला दुसरीकडे जाता येत नाही.

आता धोका काय ते बघा. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. त्याला महामार्गांशी जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता येतोय. मुरबे इथेही बंदराचा प्रस्ताव आहे. जोडीला बुलेट ट्रेनचं बोईसर स्टेशन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण. बंदर हवं की नको, हा वाद मोठा आहे आणि त्यावर घराघरात दोन मतं आहेत. आज मी त्यात शिरत नाही. पण बंदराच्या बाजूने असा की विरोधात, एक गोष्ट दोघांनाही लागू आहे.

यातले बरेचसे मार्ग उत्तर-दक्षिण जातात. आपलं रोजचं जाणं-येणं पूर्व-पश्चिम आहे. पाड्यावरून शाळेत, शेतातून स्टेशनला, गावातून कंपनीत. प्रत्येक नवा मार्ग हे जाणं-येणं कापत जातो. रेल्वेचं फाटक बंद होऊन उड्डाणपूल झाला की मोटारवाल्याची पाच मिनिटं वाचतात, सायकलवाल्याला मात्र ट्रकच्या शेजारून चढ चढावा लागतो. शिवाय बांधकामाच्या काळात माती-खडीचे डंपर जवळचा रस्ता म्हणून गावातून घुसतात. एकदा वाडीतला अरुंद रस्ता डंपरच्या सवयीचा झाला की तो परत गावाचा होत नाही. मग रुंदीकरणाची मागणी येते, कडेची झाडं जातात, आणि पाच वर्षांनी आपणच म्हणतो, पूर्वी इथे काय सावली होती!

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

१. अवजड वाहनांना बंदी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी, ठरावीक वाहनांना मनाई करता येते. गणपतीत कोकणच्या महामार्गावर अवजड वाहनं थांबवतात, तसंच. किनाऱ्याच्या गावातले अंतर्गत रस्ते यात घ्या. गावकऱ्यांच्या गाड्या, रिक्षा, टेम्पो, एसटी यांना काहीही अडवायचं नाही. मासळी आणि बर्फाच्या गाड्यांना, वाडीतला माल नेणाऱ्या गाड्यांना सूट हवीच. सातपाटीचं पापलेट वेळेवर बाजारात गेलं नाही तर असल्या सायकल मार्गाला कोण विचारतो?

२. नव्या मार्गांखालून वाट. जिथे जिथे नवा रस्ता किंवा रूळ गावरस्त्याला कापतो, तिथे पायी आणि सायकलने जाण्यासाठी भुयारी वाट नकाशातच असली पाहिजे. पावसात पाणी न साचणारी, दिवे असलेली. काम झाल्यावर मागितली तर निधी नाही हेच उत्तर मिळतं.

३. कालव्याचा काठ. जलसंपदा विभागाने देखभालीचा रस्ता नीट ठेवावा आणि सायकल व पायी जाणाऱ्यांना तो खुला असल्याचे फलक लावावेत. डांबरही नको, दाबलेला मुरूम पुरे. मात्र ज्यांच्या जमिनी कालव्यात गेल्या, त्या आदिवासी गावांना विचारूनच. पाण्याच्या बाबतीत त्यांचा अनुभव फार चांगला नाही. शेतीसाठी बांधलेल्या सूर्याचं पाणी शहरांकडे गेलंच आहे, आता काठही गेला असं त्यांना वाटता कामा नये.

४. खाडी. सातपाटी आणि मुरबे समोरासमोर दिसतात, पण रस्त्याने जायचं तर पालघरकडे मागे येऊन वळसा. इथे सायकलसकट नेणारी, ठरलेल्या वेळांची होडी असली तर केळव्यापासून नवापूरपर्यंत सलग मार्ग होतो. चालवणारे आपलेच कोळी बांधव असावेत.

किनाऱ्यावर आणि खारफुटीत ट्रॅक मात्र नको. मुंबईत पवई तलावाच्या काठी सायकल ट्रॅक बांधायला घेतला, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून काढायला सांगितलं. पैसेही गेले आणि सायकलवाले पर्यावरणाचे शत्रू ठरले. याउलट ब्रिटनमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही बंद पडलेली रेल्वेलाइन १९७९ पासून स्वयंसेवकांनी साफ करून टप्प्याटप्प्याने सायकल मार्ग केला. जे होतं तेच वापरलं. आज त्यावरून लोक कामालाही जातात आणि फिरायलाही.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. पर्यटक आले की प्लास्टिक येतं, जमिनीचे भाव चढतात, वाडीच्या जागी रिसॉर्ट उभं राहतं. ही भीती खोटी नाही, केळव्याला विचारा. पण सायकलवर येणारा माणूस मोटारीतल्या माणसासारखा सगळं सामान मुंबईहून भरून आणत नाही. त्याला दर दहा किलोमीटरला पाणी, चहा, शहाळं, नाश्ता लागतो. पंक्चर काढणारा लागतो. रात्री घरगुती जेवण आणि खोली लागते. हा पैसा लहान हातांत जातो. कचऱ्याचा नियम आणि खोलीची नोंद ग्रामपंचायतीकडे ठेवली तर लगामही आपल्याच हातात राहतो.

ग्रामसभा वर्षातून ठरलेल्या दिवशी होतातच: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पुढच्या ग्रामसभेत एवढाच विषय मांडा: आपल्या गावातला कुठला रस्ता अवजड वाहनांपासून राखायचा? रस्त्याचं नाव, कुठून कुठे, सूट कुणाला, वेळ काय. अर्ध्या पानाचा ठराव. दहा गावांचे ठराव एकत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले तर ती एका हौशी सायकलवाल्याची पोस्ट राहणार नाही.

तुमच्या गावातला असा रस्ता कोणता, ते खाली लिहा. रस्त्याला नाव नसेल तर कुणाच्या वाडीपासून कुणाच्या विहिरीपर्यंत, एवढं सांगितलंत तरी कळेल. त्यावरून मी नकाशा करायला घेतो.