काटा अडतो तेव्हा

मधुमेहाच्या धास्तीने आम्ही इंदूरच्या सराफ्यातील रात्रीची फेरी आणि सकाळची पोहे-जिलेबी सोडली. तीन महिन्यांत वजन 84 किलोंवरून 78 वर आले. पुढे दीड महिना काटा हलेचना. हिरमुसून आम्ही रात्रीचे जेवणही सोडण्याचा बेत केला. डॉक्टर म्हणाले, "हेडमास्तरसाहेब, हलक्या देहाला इंधनही कमी लागते, कालचा कमी आहार आज पुरेसा ठरतो. उपाशी राहाल तर स्नायू झिजतील. भात थोडा घटवा, उसळ वाढवा, चालणे वाढवा."

घरी येतो तो सौभाग्यवती आमच्या विजारीची कंबर आत घेत बसल्या होत्या. वाचकहो, एका परीक्षेत गुण वाढले नाहीत म्हणून मुलाची शाळा सोडवू नका, असे पालकांना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःला सांगायचे तेवढे राहून गेले होते.