डोक्यावरच्या सुया

मंडळी, आपल्याकडे मुलगा पंचविशीला आला की दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. त्याच्यासाठी स्थळं बघणं आणि त्याचे केस बघणं! "फोटो जरा समोरून काढ रे, वरून नको" असं सांगणारी एखादी आत्या प्रत्येक घरात असतेच. (आमच्याकडे तीन आहेत, आणि तिघीही हा ब्लॉग वाचतात. असो.)

त्यामुळे भाच्याने जेव्हा "मामा, डोक्यावर सुयांचा रोलर फिरवतात म्हणे, करून बघू का?" असं विचारलं, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं नाही. थोडं वाचलं. माझं मत असं, की हा प्रकार थोतांड नाही, पण जादूही नाही.

या मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी टाळूला अगदी छोट्या जखमा करतात. त्या भरून काढताना शरीर जी दुरुस्ती सुरू करतं, तिचा फायदा केसांच्या मुळांनाही मिळतो, अशी त्यामागची कल्पना. यातला बहुचर्चित अभ्यास चक्क आपल्या मुंबईतला, सायनच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातला आहे. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. टक्कल पडू लागलेले १०० तरुण घेतले. निम्म्यांना नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल, आणि उरलेल्यांना मिनॉक्सिडिल अधिक आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. १२ आठवड्यांनी मोजलेल्या भागात पहिल्या गटात सरासरी २२ केस वाढले, तर दुसऱ्यात ९१!

आकडा वाचून उडी मारावीशी वाटते ना? पण जरा थांबा. तो प्राथमिक अभ्यास होता आणि १२ आठवड्यांचाच होता. शिवाय औषध दोन्ही गटांना होतं. म्हणजे नुसत्या रोलरने केस येतात, असं त्यातून निघत नाही. पुरुषांचं हे टक्कल आनुवंशिक असतं. डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात, आणि सुया काही त्या हार्मोनला अडवत नाहीत. मिनॉक्सिडिल बंद केलं की त्याने आलेले केसही काही महिन्यांत जातात. म्हणजे हे लग्नापुरतं करून सोडून द्यायचं काम नव्हे.

मला खरी धास्ती आहे ती बाथरूमच्या आरशासमोर चालणाऱ्या उद्योगांची. स्वस्तातला रोलर आणायचा, तोच धाकट्या भावालाही द्यायचा, आणि रक्त आलं म्हणजे गुण येतोय असं समजायचं! वर लगेच औषध चोळायचं. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. ताज्या जखमांतून ते जास्त प्रमाणात अंगात जाऊ शकतं. सायनच्या अभ्यासातही रोलरनंतर २४ तास ते लावायचं नव्हतं.

तेव्हा भाच्याला मी सांगितलं, आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. केस गळण्याचं कारण हेच आहे ना, की थायरॉइड किंवा लोह कमी आहे, ते कळू दे. मग त्यांच्या हाताखाली सहा महिने कर. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढ. फरक दिसला तर पुढे चालू ठेव, नाही तर खुशाल सोड.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. टक्कल हा काही आजार नव्हे, पण चारचौघांतल्या टोमण्यांमुळे मुलं भलतेसलते उपाय लपूनछपून करायला लागतात. आमचा भाचा सध्या घरच्या कार्यांना यायचंच टाळतो. केस परत येतील न येतील, मुलगा तरी परत यायला हवा. डोक्यावर सुया टोचून घ्यायच्या की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. आपण आपल्या आवरू.